आंतरतारकीय मानवरहित यानाचा आराखडा करताना या चुका टाळा

सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला प्रॉक्झिमा सेंटॉरी. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळजवळ ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. आजवर सर्वांत दूर गेलेले व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने हे अंतर कापायला ७५,००० वर्षे लागतील. त्यामुळे कागदावर आंतरतारकीय यान मांडायला बसलेला प्रत्येक जण आधी वेगाचाच विचार करतो. मग इंजिनावर पानेच्या पाने खर्च होतात आणि शेवटच्या पानावर ‘गोळा झालेली माहिती पृथ्वीकडे पाठवली जाईल’ असे एक वाक्य लिहून आराखडा संपतो.

माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ त्या शेवटच्या वाक्यात आहे. यानात माणूस नाही आणि ते परत येणार नाही, तेव्हा आपल्या हाती पडणार ती फक्त माहिती. म्हणून आराखडा उलट्या दिशेने करावा. पृथ्वीवर किती बिट पोचायला हवेत हे आधी ठरवा. त्यावरून प्रक्षेपक आणि त्याची वीज काढा, त्यावरून वस्तुमान, आणि मग एवढे वस्तुमान कोण ढकलू शकेल ते बघा. खालच्या चुका त्याच क्रमाने तपासल्या तर लवकर सापडतात, म्हणून पहिली चूक संदेशवहनाची घेतो.

संदेशवहन शेवटी ठेवणे

रेडिओ संदेश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो हे सगळ्यांना पाठ असते, पण आकडे घालून पाहिलेले नसते. व्हॉयेजर १ आज साधारण १७० खगोलीय एककांवर आहे. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. यानावर सुमारे २३ वॅटचा ट्रान्समीटर आणि ३.७ मीटर व्यासाची अँटेना आहे, इकडे ऐकायला नासाच्या डीप स्पेस नेटवर्कच्या ७० मीटरपर्यंतच्या तबकड्या आहेत, आणि एवढे असून माहिती येते सेकंदाला १६० बिट. प्रॉक्झिमाचे अंतर २,६८,००० खगोलीय एकके, म्हणजे व्हॉयेजरच्या सुमारे १,६०० पट. वर्ग केला की संदेश साधारण २५ लाख पट क्षीण. तीच यंत्रणा तिथे नेऊन ठेवली तर एक बिट यायला चार तासांहून अधिक वेळ लागेल आणि १० लाख बिटांचे एक साधे छायाचित्र उतरायला जवळजवळ ५०० वर्षे.

यावर ‘मग लेसर लावू’ हे उत्तर पटकन येते. दिशा बरोबर आहे, पण तेही आकड्यांवर घासून पाहा. नासाच्या सायकी यानावरच्या प्रयोगात डिसेंबर २०२३ मध्ये ३.१ कोटी किलोमीटरवरून लेसरने सेकंदाला २६.७ कोटी बिट आले. यानावरची दुर्बीण २२ सेंटिमीटरची होती आणि संदेश टिपायला पालोमारची ५ मीटरची दुर्बीण होती. हीच जोडी प्रॉक्झिमाच्या अंतरावर ताणली तर एका बिटाला पावणेदोन तास लागतात. म्हणजे व्हॉयेजरच्या रेडिओपेक्षा जेमतेम अडीचपट बरे. लेसरचा खरा लाभ मिळतो तो यानावरचा आरसा मोठा केल्यावर, ताकद वाढवल्यावर, प्रत्येक प्रकाशकण मोजणारे ग्राहक वापरल्यावर आणि पृथ्वीवर प्रचंड क्षेत्रफळाचे आरसे उभारल्यावर. यातले काहीही फुकट मिळत नाही, आणि यानावरचे जे काही आहे ते वस्तुमानाच्या तक्त्यात यायलाच हवे.

लेसर म्हटला की नेमही आला. १ मीटरच्या आरशातून १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा झोत निघाला तर पृथ्वीपाशी येईपर्यंत तो काही कोटी किलोमीटर रुंद होतो. हे मोठे वाटते, पण पृथ्वीची कक्षा त्याहून मोठी आहे. म्हणजे ‘सूर्याकडे तोंड करून पाठवा’ एवढ्याने भागणार नाही. सव्वाचार वर्षांनंतर पृथ्वी कक्षेत कुठे असेल ते यानाला ठाऊक हवे. शिवाय यान प्रकाशवेगाच्या २० टक्के वेगाने दूर पळत असेल तर डॉप्लर परिणामाने, म्हणजे दूर जाणाऱ्या स्रोताची तरंगलांबी ताणली गेल्याने, १०६४ नॅनोमीटरचा लेसर आपल्याला १३०३ नॅनोमीटरवर दिसेल. ग्राहकाचा फिल्टर मूळ तरंगलांबीवर बसवलेले आराखडे खरोखर पाहायला मिळतात.

आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. भेट मिनिटांत आटोपते, पण माहिती उतरवणे वर्षानुवर्षे चालते. न्यू होरायझन्सने जुलै २०१५ मध्ये प्लूटोजवळून जाताना गोळा केलेली माहिती पूर्ण उतरायला ऑक्टोबर २०१६ उजाडला, आणि प्लूटो तर आपल्या अंगणातला. यानाचे आयुष्य भेटीच्या दिवसापर्यंत धरू नका. भेटीनंतरच्या वर्षांत वीज, नेम आणि घड्याळ तिन्ही शाबूत राहायला हवीत.

रॉकेटचे समीकरण न मांडताच वेग ठरवणे

रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण सांगते की यानाचा अंतिम वेग इंजिनातून वायू बाहेर पडण्याच्या वेगाच्या (उत्सर्जन वेगाच्या) जितका पट, तितक्या घाताने इंधनाचे प्रमाण वाढते. रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ४.५ किलोमीटरने निघतो. प्रकाशवेगाच्या १० टक्के, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर गाठायचे तर सुरुवातीचे आणि शेवटचे वस्तुमान यांचे गुणोत्तर १ वर सुमारे २,९०० शून्ये एवढे होते. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या १ वर ८० शून्यांच्या आसपास आहे. आयन इंजिनातून कण सेकंदाला ३० किलोमीटरने निघतात. तिथेही ४३४ शून्ये. त्यामुळे ‘टाक्या वाढवू’ किंवा ‘टप्पे वाढवू’ ही दुरुस्ती इथे लागूच पडत नाही. मी वापरतो तो नियम असा: हवा असलेला वेग उत्सर्जन वेगाच्या तिपटीपेक्षा जास्त निघाला की इंजिन बदला, टाकीला हात लावू नका.

गुरुत्वाकर्षणाचा झोका घेऊन तारे गाठण्याची कल्पनाही याच गटातली. पार्कर सौर यानाने डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेग गाठला, तो आकडा आराखड्यांत सर्रास दिसतो. पण तो वेग सूर्याकडे खाली पडताना मिळालेला आहे. वर चढताना सूर्य तो परत घेतो, आणि पार्कर सूर्याभोवतीच फिरत राहते. समजा तो वेग कायम ठेवता आला, तरी प्रॉक्झिमा ६,६०० वर्षांवर राहते.

संलयनाची, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा काढण्याची, वाट गंभीरपणे तपासली ती ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या डीडलस प्रकल्पाने, १९७३ ते १९७८ या काळात. बर्नार्डच्या ताऱ्याकडे ५.९ प्रकाशवर्षे, प्रकाशवेगाच्या १२ टक्के वेगाने, साधारण ५० वर्षांत, न थांबता. यान ५४,००० टनांचे, त्यात ५०,००० टन इंधन, आणि उपकरणे ५०० टनांपर्यंत. इंधनातला हेलियम-३ गुरूच्या वातावरणातून काढायचा होता. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यांनी अडचणी लपवल्या नाहीत. आज त्याची नक्कल करणाऱ्या आराखड्यांत नेमका तोच प्रामाणिकपणा गळतो. इंजिनाची ताकद लिहिलेली असते, वाया जाणारी उष्णता नसते. निर्वातात उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जाते. १ गिगावॅट उष्णता १,००० केल्विनच्या पृष्ठभागावरून सोडायची तर सुमारे १७,६०० चौरस मीटरचा आदर्श रेडिएटर लागतो. तापमान १,५०० केल्विन केले तर साडेतीन हजार चौरस मीटरच्या आसपास. तापमानाचा चौथा घात इथे तुमच्या बाजूने काम करतो, म्हणून रेडिएटर गरम ठेवता येईल असे द्रव्य शोधणे हे टाकी हलकी करण्यापेक्षा जास्त फायद्याचे.

संलयनात ‘टाकली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर आली’ ही बातमीही जपून वापरा. अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत डिसेंबर २०२२ मध्ये लेसरने २.०५ मेगाजूल टाकले आणि ३.१५ मेगाजूल निघाले, पण ते लेसर पेटवायला भिंतीतल्या वीजजोडणीतून सुमारे ३०० मेगाजूल खर्च झाले होते. यानाला ती भिंत स्वतःबरोबर न्यायची आहे. प्रतिद्रव्याबद्दल थोडक्यात एवढेच, की आजवरच्या प्रयोगशाळांतले एकूण उत्पादन नॅनोग्रॅमच्या हिशोबातले आहे. त्यावर मोहीम उभी करू नका.

शीड म्हणजे नुसता आरसा समजणे

इंधन बरोबर न नेता बाहेरून प्रकाशाने ढकलायचे, ही कल्पना रॉकेटच्या समीकरणातून सुटका करते. १२ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट प्रकल्पाने तिला ठोस आकडे दिले: काही ग्रॅमचे यान, काही मीटरचे शीड (प्रकाशाने ढकलला जाणारा पातळ पडदा), १०० गिगावॅटच्या घरातला लेसर, प्रकाशवेगाच्या २० टक्के वेग. सध्याच्या ज्ञानात सर्वांत तर्कशुद्ध वाट हीच आहे असे मला वाटते. म्हणूनच तिच्यातल्या चुका नीट पाहायला हव्यात.

१०० गिगावॅटचा लेसर पूर्ण परावर्तित झाला तरी शिडाला मिळणारे बल फक्त ६६७ न्यूटनचे, म्हणजे पृथ्वीवर ६८ किलोच्या वस्तूचे जेवढे वजन तेवढे. ढकलणे इतके दुबळे असल्यामुळेच यान ग्रॅममध्ये मोजावे लागते. ‘आणखी थोडी उपकरणे घालू’ असे इथे चालत नाही. वस्तुमान दुप्पट केले की त्वरण निम्मे.

त्वरणाला मुदतही आहे. एक किलोमीटर रुंदीच्या लेसर-संचाचा झोत ४ मीटरच्या शिडावर साधारण ४० लाख किलोमीटरपर्यंतच एकवटता येतो, चंद्राच्या अंतराच्या दसपट. तेवढ्यात सेकंदाला ६०,००० किलोमीटर वेग यायचा असेल तर त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे ४६,००० पट लागते आणि सगळा खेळ दोन-सव्वादोन मिनिटांत संपतो. यानावरचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक चिप त्या धक्क्यात टिकायला हवी.

सर्वांत दुर्लक्षित आकडा शोषणाचा. शिडाने प्रकाशाचा एक लाखावा भाग जरी शोषला तरी १०० गिगावॅटमधले १० लाख वॅट त्या कागदाहून पातळ पडद्यात उष्णता म्हणून उतरतात. चांगला आरसा निवडला म्हणजे झाले असे समजून धातूचा मुलामा धरू नका. नेहमीचे धातू काही टक्के प्रकाश शोषतात आणि क्षणात वितळून जातील. लेसरच्या तरंगलांबीला जवळजवळ पारदर्शक असणारी अपारविद्युत (वीज न वाहणारी) द्रव्ये, आणि तीही उष्णता अवरक्तात सहज सोडणारी, अशी जोडी शोधावी लागते. इथे एक पेच येतो. वेग वाढत जातो तसा शिडाला लेसर लाल बाजूकडे सरकलेला दिसतो, म्हणजे एकाच तरंगलांबीला उत्तम असलेला पडदा शेवटच्या टप्प्यात नापास होऊ शकतो. परावर्तन पूर्ण पट्ट्यावर तपासा.

आणि स्थैर्य. सपाट शीड झोतातून किंचित घसरले की घसरतच जाते. आकार किंवा पृष्ठभागाची रचना अशी हवी की घसरल्यावर झोतच त्याला मध्याकडे ढकलेल. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवता येणार नाही, कारण ४० लाख किलोमीटरवर प्रकाशाला जाऊन यायला सव्वीस-सत्तावीस सेकंद लागतात. जपानच्या इकारोसने २०१० मध्ये सौरशीड अंतराळात उलगडून दाखवले, त्याचा अनुभव उलगडण्यापुरता कामाचा. दाब आणि उष्णता यांची तुलना त्याच्याशी करू नका.

वाटेतली पोकळी रिकामी धरणे

तारकांमधल्या अवकाशात घनसेंटिमीटरला सरासरी ०.१ ते ०.२ हायड्रोजन अणू असतात असे धरले, तर प्रॉक्झिमापर्यंत यानाच्या पुढच्या भागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४ ते ८ वर १७ शून्ये इतके अणू आदळतात. प्रकाशवेगाच्या २० टक्के वेगाला त्यातल्या प्रत्येक प्रोटॉनची ऊर्जा सुमारे १९ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट होते आणि तो ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ २ मिलिमीटर आत शिरतो. म्हणजे वायू हाच एक कणझोत ठरतो. पुढच्या २ मिलिमीटरात चिप ठेवली तर ती टिकणार नाही. थांबलेला हायड्रोजन द्रव्याच्या आत साचून फोड येतात, ते वेगळेच.

धुळीचे कण संख्येने फार कमी, पण १ मायक्रोग्रॅमचा कण प्रकाशवेगाच्या १० टक्के वेगाने आदळला तर ४.५ लाख जूल, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम टीएनटीचा स्फोट. एवढे मोठे कण विरळाच, बहुतेक मायक्रॉनहून लहान असतात, पण आराखड्यात दोन्हींचा हिशोब हवा: लहान कणांनी होणारी सततची झीज आणि मोठ्या कणाने होणारा एकदाचा नाश. झिजेसाठी पुढे पातळ ढाल पुरते. डीडलसने बेरिलियमची निवडली होती. नाशासाठी ढाल पुरत नाही. तिथे यान सडपातळ करून समोरचे क्षेत्रफळ घटवणे, प्रवासात शीड कडेने फिरवून ठेवणे, किंवा एकाऐवजी अनेक याने पाठवणे हेच उपाय. समोरचे क्षेत्रफळ निम्मे केले की धोकाही निम्मा होतो, आणि यासाठी एक ग्रॅमही वाढवावा लागत नाही.

पोचणे म्हणजे भेट झाली असे मानणे

प्रकाशवेगाच्या २० टक्के वेगाने एक खगोलीय एकक अंतर ४२ मिनिटांत संपते. प्रॉक्झिमाचा ग्रह प्रॉक्झिमा बी ताऱ्यापासून ०.०५ खगोलीय एककांवर आहे. ताऱ्यापासून त्याच्यापर्यंत सुमारे दोन मिनिटे. पृथ्वीएवढा ग्रह त्याच्या व्यासाइतके अंतर ओलांडायला ०.२ सेकंद. कॅमेऱ्याचा वेग, दुर्बिणीचा वळण्याचा वेग, साठवणूक, सगळे या आकड्यांवर बेतायला हवे, आणि बहुतेक आराखड्यांत ते ग्रहांच्या मोहिमांवरून उचललेले असते.

त्याआधी ग्रह सापडायला हवा. प्रॉक्झिमा आकाशात दरवर्षी ३.८५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकते, अंतर लक्षात घेता वर्षाला सुमारे ५ खगोलीय एकके. २१ वर्षांच्या प्रवासात ती १०५ खगोलीय एकके आडवी जाते. शिवाय निघताना आपल्याला दिसते ते ४.२४ वर्षांपूर्वीचे स्थान, म्हणून आणखी २१ मिळवा. ही पहिली दुरुस्ती बहुतेक जण करतात, दुसरी विसरतात.

नेमात एक मायक्रोरेडियन, म्हणजे ०.२ विकला चूक राहिली तर यान ४ कोटी किलोमीटर बाजूने जाते. वेगात एक लाखात एक भाग चूक राहिली तर पोचण्याची वेळ पावणेदोन-दोन तासांनी हलते, आणि सगळी भेट त्याहून कमी वेळाची. त्यात सापेक्षतेमुळे यानावरचे घड्याळ या प्रवासात पृथ्वीपेक्षा सुमारे ५ महिने मागे पडलेले असते. तेव्हा घड्याळ लावून कार्यक्रम सुरू करणारा आराखडा नापासच समजा. यानाने स्वतः ताऱ्याकडे पाहून, शेजारच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो कसा सरकतो ते मोजून, वेळ आणि अंतर ठरवायला हवे. वाटेत नेम थोडा सुधारण्याची काहीतरी सोयही ठेवा.

‘मग तिथे थांबूया’ असे म्हणण्याआधी किंमत पाहा. उत्सर्जन वेग सेकंदाला १०,००० किलोमीटर असेल तर ३०,००० गाठायला वस्तुमान-गुणोत्तर २० लागते; थांबायचे तर तेच ४०० होते. गुणोत्तराचा वर्ग होतो, दुप्पट नव्हे. शिडाच्या यानाला थांबण्यासाठी ताऱ्याच्याच प्रकाशाचा आणि गुरुत्वाचा उपयोग करण्याची कल्पना रेने हेलर आणि मायकेल हिप्के यांनी २०१७ मध्ये मांडली, पण त्यासाठी येण्याचा वेग बराच कमी ठेवावा लागतो आणि प्रवास लांबतो. थांबायचे की निसटत पाहायचे हा निर्णय पहिल्या पानावर घ्या. मागाहून तो बसवता येत नाही.

पन्नास वर्षे म्हणजे दहा वर्षांची पाचपट असे समजणे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि शिकवलाही सर्वांत कमी जातो. एखादा भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९.९ टक्के असेल तर ५० वर्षांनंतर ती ९५ टक्के उरते. हे चांगले वाटते. पण असे १०० भाग असतील आणि प्रत्येक चालणे आवश्यक असेल, तर सगळे चालू असण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. ‘मग प्रत्येकाची जोडी ठेवू’ हा उपाय अर्धाच बरोबर. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशीचे दोन सारखे भाग एकाच कारणाने, जवळजवळ एकाच वेळी मरतात. राखीव भाग वेगळ्या रचनेचा, वेगळ्या द्रव्याचा असेल तरच त्याला राखीव म्हणा.

जुनी याने कशाने थकली ते वाचा, फार शिकायला मिळते. व्हॉयेजर १ च्या थ्रस्टरांच्या बारीक नळ्या सिलिकॉन डायऑक्साइडने बुजत गेल्या, आणि ते आले इंधनटाकीतल्या रबरी पडद्याच्या जुने होण्यातून. इंधन चांगले होते, झडपा चांगल्या होत्या, रबर म्हातारे झाले. गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना एप्रिल १९९१ मध्ये पूर्ण उघडलीच नाही. चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघातानंतर उड्डाण लांबले, त्या काळात साठवण आणि वाहतुकीत वंगण निघून गेले असावे असा निष्कर्ष निघाला. उघडणारी, सरकणारी, फिरणारी प्रत्येक गोष्ट दशकांनंतर चिकटलेली सापडेल असे धरूनच चाला. जिथे हालचाल टाळता येईल तिथे टाळा.

विजेतही हीच चूक होते. दूरच्या यानांना उष्णतेतून वीज पुरवणाऱ्या प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे, म्हणजे ४८ वर्षांनी उष्णता ६८ टक्के उरते. पण व्हॉयेजरची वीज सुरुवातीच्या ४७० वॅटवरून घटत निम्म्याच्या आसपास आली आहे. फरक किरणोत्साराचा नाही. उष्णतेची वीज करणाऱ्या तापयुग्मांचा क्षय त्यात भरीला पडतो. अमेरिसियम-२४१ चे अर्धायुष्य ४३२ वर्षे आहे म्हणून ते घेतले तर प्रश्न सुटला असे लिहू नका. दर ग्रॅमला त्याची उष्णता प्लुटोनियमच्या पाचव्या भागाएवढी, आणि तापयुग्मे तीच राहतात.

दुरुस्तीची सोय हवी म्हणजे काय, ते १४ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या महिन्यांनी दाखवले. व्हॉयेजर १ च्या माहिती-संगणकातली एक स्मृती-चिप निकामी झाली आणि यान अर्थहीन आकडे पाठवू लागले. अभियंत्यांनी स्मृतीचा पूर्ण उतारा मागवला, बिघडलेला तीन टक्के भाग शोधला, तिथला प्रोग्रॅम तुकडे करून इतर जागी हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले. हे जमले कारण स्मृती बाहेरून वाचता येत होती आणि प्रोग्रॅम कुठेही हलवता येत होता. तुमच्या आराखड्यात या दोन सोयी आहेत का?

यानाला पृथ्वीची वाट पाहायला लावणे

प्रॉक्झिमाहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतात. न्यू होरायझन्स प्लूटोच्या भेटीआधी १० दिवस, ४ जुलै २०१५ रोजी, संगणकावर एकदम दोन जड कामे आल्यामुळे सुरक्षित अवस्थेत गेले. लोकांनी तीन दिवसांत त्याला रुळावर आणले. आंतरतारकीय यान अशा वेळी सुरक्षित अवस्थेत जाऊन थांबले तर भेट संपली. म्हणून ‘काही बिघडले तर सगळे बंद करून सूचनेची वाट पाहा’ हा नेहमीचा नियम भेटीच्या काळापुरता उलटा करावा लागतो: बिघडलेले सोडून उरलेल्यावर काम चालू ठेवा.

जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आदेशाने व्हॉयेजर २ ची अँटेना पृथ्वीपासून २ अंश वळली. कॅनबेराहून जोरदार संदेश पाठवून ती ऑगस्टच्या सुरुवातीला परत वळवली गेली. पण तो संदेश पोचला नसता तरी ऑक्टोबरमध्ये यानाने ठरल्याप्रमाणे स्वतःच पृथ्वीचा शोध घेतला असता. माणसांनी काहीही केले नाही तरी यान ठरावीक काळाने मूळपदावर येईल अशी व्यवस्था हीच या प्रवासातली सर्वांत स्वस्त आणि भरवशाची गोष्ट आहे.

आकडे जुळत नसतील तर कुठे शोधावे

वस्तुमान प्रत्येक फेरीत वाढतच जात असेल, तर बहुधा विजेचा स्रोत आणि रेडिएटर एकमेकांना फुगवत आहेत. उपकरणांची यादी कापण्याआधी रेडिएटरचे तापमान वाढवून पाहा.

माहितीचा वेग कुठल्याही उपायाने वाढत नसेल, तर यानाकडे पाहणे थांबवून पृथ्वीवरच्या ग्राहकाचे क्षेत्रफळ वाढवा. तिथला चौरस मीटर यानावरच्या ग्रॅमपेक्षा कितीतरी सोपा. मात्र तो ग्राहक उड्डाणानंतर पंचवीस-तीस वर्षांनी चालू असेल याची जबाबदारी कोण घेणार, तेही आराखड्यात लिहा.

यान सैद्धांतिकदृष्ट्या पोचते पण टिकत नाही असे दिसले, तर वेग वाढवण्याचा मोह होतो, कारण प्रवास कमी वर्षांचा होतो. त्याच वेळी धुळीच्या प्रत्येक कणाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढा. त्यांचा सुवर्णमध्य अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी वेगाला सापडतो.

प्रवास काही शतकांचा निघत असेल तर आणखी एक हिशोब करा: आज निघालेले यान, पन्नास वर्षांनी निघणाऱ्या जास्त वेगवान यानाच्या मागे पडेल का? पडत असेल तर आजचा पैसा इंजिनावरच्या संशोधनाला द्या.

आणि काहीच जमत नसेल तर लक्ष्य जवळ आणा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने ५० वर्षे चालेल अशा आंतरतारकीय प्रोबचा अभ्यास केला आहे. ताऱ्यापर्यंत नव्हे, सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर काहीशे खगोलीय एककांपर्यंत. ५५० खगोलीय एककांपलीकडे सूर्याचे गुरुत्व दूरच्या ग्रहाचा प्रकाश भिंगासारखा एकवटते, तेही एक लक्ष्य. अशा यानात संदेशवहन, वीज, वार्धक्य आणि स्वयंनिर्णय हे चारही प्रश्न खरे असतात, फक्त वेगाचा प्रश्न आजच्या तंत्राच्या आवाक्यात येतो. पहिला आराखडा याच अंतरासाठी करा आणि वरचा प्रत्येक हिशोब त्यावर आधी चालवून पाहा.